पायऱ्या येतात, पण कुठल्या कधी? सहावीच्या अपूर्णांक प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै
प्रकल्पाचा विषय ठरला: सहावीच्या वर्गाला अपूर्णांकांवरच्या क्रिया सुस्पष्ट अध्यापनाने (म्हणजे शिक्षकाने आधी उघडपणे सांगून, करून दाखवून, मग आधार हळूहळू कमी करत) शिकवायच्या आणि त्याला जोडून सराव आखायचा. सुरुवातीला एक छोटी चाचणी घेतली. पेपरांवर गुण घातलेले नाहीत. एकसारख्या चुका एकत्र ठेवत गेले आणि तीन ढीग झाले.

१/२ + १/३ = २/५
३/४ − १/८ = २/४
२/५ × ३/५ = ६/५

पहिल्यात अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. दुसऱ्यात वर ३ मधून १ गेला, पण खाली ४ मधून ८ जाईना, म्हणून ८ मधून ४ घालवले. तिसऱ्यात समान छेद पाहून तो बेरजेसारखा तसाच ठेवला. यातली एकही चूक घाईगडबडीची नाही. एकाच मुलाच्या पेपरात तीच चूक तशीच पुन्हा दिसते.

ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या चुकांबद्दल हेच दाखवून दिलं होतं. ५२ − ३८ = २६ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असतं, म्हणजे एक नियम ते इमानाने पाळत असतं. फक्त तो नियम चुकीचा असतो. अशा मुलाला आणखी पन्नास उदाहरणं घरी दिली, तर चुकीचाच नियम हाताला बसेल. त्यामुळे सराव लगेच सुरू करायचा नाही, असं ठरवलं.

६ जुलै
काही मुलांना एकेक करून जवळ बसवलं आणि बोलत बोलत उदाहरणं सोडवायला लावली. चाचणीत ३/४ − १/८ चं उत्तर ५/८ असं बरोबर लिहिणारी एक मुलगी होती. तिला विचारलं, "छेद ८ का घेतलास?"

"खाली वेगळं असलं की लसावि काढायचा, बाई."

"बरं. मग १/२ × १/३ कसं करशील?"

तिने ३/६ × २/६ केलं आणि उत्तर लिहिलं ६/६.

"म्हणजे अर्ध्याचा तिसरा भाग घेतला तर पूर्ण एक येतो?"

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही येणार. पण मग लसाविचं काय करायचं?"

या प्रश्नाने प्रकल्पाला दिशा दिली. समच्छेद करायच्या पायऱ्या तिला नीट येतात. समच्छेद कशासाठी करतात आणि कधी लागत नाही, हे तिला कोणी उघडपणे सांगितलेलं नाही. आपण फळ्यावर पायऱ्या दाखवतो, पण 'आता ही पायरी घ्यायची' हे ज्या विचाराने ठरतं तो विचार आपल्या डोक्यातच राहतो. मुलांना दिसतो तो फक्त खडू. या प्रकल्पात तो विचार मोठ्याने बोलून दाखवायचा आहे.

१० जुलै
शिक्षक खोलीत चर्चा झाली. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, "मॅडम, सगळं तुम्हीच सांगितलंत तर मुलं विचार कधी करणार? त्यांना शोधू द्या की." त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहिते.

५/६ + ३/८ हे उदाहरण घ्या. नवशिक्या मुलाला ६ आणि ८ चे पाढे आठवून २४ शोधायचे असतात. मग ६ ला कितीने गुणलं, त्याच संख्येने ५ ला गुणायचं, ते २० लक्षात ठेवून दुसऱ्या अपूर्णांकाकडे वळायचं, ९ काढायचे, बेरीज करायची आणि २९/२४ मधला पूर्णांक वेगळा करायचा. इतकं सगळं एका वेळी मनात धरावं लागतं. मानसशास्त्रज्ञ मिलर यांनी १९५६ मध्ये असं एका वेळी मनात धरायची क्षमता साधारण सात गोष्टींची सांगितली. कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. ज्याला पाढे आणि लसावि अंगवळणी पडले आहेत त्याच्यासाठी हे सगळं मिळून दोनच गोष्टी होतात. नवशिक्यासाठी प्रत्येक टप्पा वेगळा. अशा अवस्थेत त्याला शोधायला सोडलं, तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते आणि शेवटी उत्तर सापडलं तरी रीत मनात राहत नाही.

स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले होते. एका गटाने सगळी उदाहरणं स्वतः सोडवली. दुसऱ्याने एक सोडवलेलं उदाहरण अभ्यासायचं आणि लगेच तसंच एक सोडवायचं, असं केलं. दुसऱ्या गटाला वेळ कमी लागला आणि तशाच नव्या उदाहरणांत त्यांच्या चुकाही कमी झाल्या.

शोध घेण्याला माझा विरोध नाही. शोधायला हातात काहीतरी असावं लागतं, आणि ते आधी देणं हे शिक्षकाचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

१३ जुलै
आज मी वर्गात काय बोलणार ते शब्दन् शब्द लिहून काढलं. वेळ खूप गेला, पण प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

नेहमीचं बोलणं असं असतं: "दोन आणि तीनचा लसावि सहा. दोन त्रिक सहा, म्हणून एक त्रिक तीन. तीन दुणे सहा, म्हणून एक दुणे दोन. तीन अधिक दोन पाच. उत्तर पाच षष्ठांश." यात चूक काहीच नाही, आणि निर्णयही एकही नाही.

नवं बोलणं: "आधी चिन्ह बघते. बेरीज आहे. म्हणजे तुकडे मोजायचे आहेत. तुकडे एकाच मापाचे असतील तरच मोजता येतील. इथे एक तुकडा अर्धा, एक तृतीयांश. मापं वेगळी, म्हणून आत्ता मोजता येणार नाही. पुढे जाण्याआधी अंदाज घेते: अर्ध्यात काहीतरी मिळवतेय, तेव्हा उत्तर अर्ध्याहून मोठं हवं. आणि मिळवतेय ते अर्ध्याहून लहान आहे, म्हणून उत्तर एकापेक्षा लहान हवं. आता असं माप शोधते ज्यात अर्धाही पुरा बसेल आणि तृतीयांशही. संख्यारेषेवर बघू या. सहा सारखे भाग केले तर अर्ध्यात तीन आणि तृतीयांशात दोन बसतात..."

यातून तीन प्रश्न निघाले. क्रिया कोणती? माप एक आहे का? उत्तर साधारण किती यायला हवं? प्रत्येक उदाहरणात, कितीही सोपं असलं तरी, हेच तीन प्रश्न याच शब्दांत विचारायचे. रोज शब्द बदलले की मुलांना तो नवा नियम वाटतो.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल कोणी म्हणेल की अंदाजाला एवढं महत्त्व कशाला. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर निवडायला दिलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहेत, म्हणजे उत्तर २. ते निवडणारी मुलं फक्त २४ टक्के होती. १९ आणि २१ यांपैकी प्रत्येक पर्याय त्याहून जास्त मुलांनी निवडला. अंशांची बेरीज १९, छेदांची २१. मुलं अपूर्णांकाला एक संख्या म्हणून बघतच नव्हती, हे त्या पर्यायांतून स्वच्छ दिसतं.

१६ जुलै
पहिला पाठ. सुरुवातीला पाच-सहा मिनिटं जुनी उजळणी (सममूल्य अपूर्णांक), मग मी दोन उदाहरणं वरच्याप्रमाणे बोलत सोडवली. तिसऱ्यात मी प्रश्न विचारायचे आणि सगळ्यांनी छोट्या पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायचं. हात वर करणाऱ्याला विचारलं तर एकाचंच कळतं. पाट्या वर आल्या की वर्ग कुठे आहे ते एका नजरेत दिसतं.

प्रश्न विचारल्यावर थांबणं मला जड गेलं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी नोंदवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबीने आणि विचाराने वाढतात. मनातल्या मनात तीन मोजत होते. दुसऱ्या सेकंदाला मागच्या रांगेतल्या दोन पाट्या लिहायला लागल्या.

२० जुलै
'मी करते' कडून 'आपण करू' कडे. सोडवलेल्या उदाहरणांच्या चिठ्ठ्या दिल्या. पहिलीत शेवटची ओळ रिकामी, पुढचीत शेवटच्या दोन, असं करत अखेरीस फक्त प्रश्न उरतो. आधार मागच्या टोकाकडून काढत आणल्यामुळे प्रत्येक मूल दर वेळी उत्तरापर्यंत पोहोचतं.

या टप्प्यात घाई करायची नाही, असं शिक्षण-संशोधक रोझेनशाइन यांनी २०१० मध्ये केलेल्या अध्यापनाच्या तत्त्वांच्या मांडणीतून उचललं आहे. त्यात एका अभ्यासाचा दाखला आहे: ४० मिनिटांच्या तासात सर्वांत प्रभावी गणित शिक्षक सुमारे २३ मिनिटं समजावणं, करून दाखवणं आणि प्रश्न विचारणं यांत घालवत होते, सर्वांत कमी प्रभावी शिक्षक फक्त ११ मिनिटं. उरलेला वेळ त्या वर्गांत मुलं एकेकटी उदाहरणं सोडवत होती आणि अडत होती. आमच्याही वर्गात 'आता तुम्ही करा' फार लवकर येतं, कारण वर्ग शांत होतो आणि काम चाललंय असं दिसतं.

२३ जुलै
स्वतंत्र सरावाला कधी सोडायचं त्याचं माप ठरवलं: पाट्यांवर दहापैकी आठ उत्तरं बरोबर यायला लागली की. रोझेनशाइन साधारण ८० टक्के यश सुचवतात. आज तेवढं आलं नाही. पाठ पुढे ढकलला.

२७ जुलै
उदाहरणांची निवड पुन्हा केली. पुस्तकातल्या संचात सगळे छेद वेगळे होते, म्हणजे 'माप एक आहे का?' या प्रश्नाचं उत्तर कायम 'नाही'. असा प्रश्न विचारणं मुलं दोन दिवसांत सोडून देतात. नव्या संचात शेजारी शेजारी जोड्या लावल्या: २/७ + ३/७ आणि त्यालगत २/७ + ३/१४. १/२ + ३/६, जिथे लसावि न काढताही उत्तर दिसतं. मग १/२ + १/३ आणि १/२ × १/३. जोडीत एकच गोष्ट बदलते, त्यामुळे निर्णय कशामुळे बदलला ते मुलाला बोट ठेवून दाखवता येतं.

एका मुलाने ३/६ ला खूण केली आणि बाजूला लिहिलं, "हा अर्धाच आहे, वेश बदललेला." वही फळ्याजवळ नेऊन सगळ्यांना दाखवली.

३ ऑगस्ट
चुकीच्या सोडवलेल्या उदाहरणांवर पाठ घेतला. फळ्यावर १/२ + १/३ = २/५ लिहिलं आणि 'यात काय बिघडलं ते सांगा' म्हटलं. अंदाजाचा प्रश्न आता अंगवळणी पडला आहे, त्यामुळे उत्तर लगेच आलं: २/५ हे अर्ध्याहून लहान, मिळवून कमी कसं होईल?

मग एका मुलाने हात वर केला. "बाई, पहिल्या चाचणीत २ पैकी १ बरोबर आलं. दुसऱ्या चाचणीत ३ पैकी १ बरोबर आलं. मिळून ५ पैकी २ बरोबर. म्हणजे १/२ आणि १/३ मिळून २/५ च झाले ना?"

वर्ग गोंधळला. मी ठरवलेला पाठ तिथेच थांबवला, कारण याहून चांगला प्रश्न या विषयात मला कुणी विचारलेला नाही. त्याचं गणित बरोबर आहे. त्याने केलेली क्रिया मात्र अपूर्णांकांची बेरीज नाही. फळ्यावर दोन चित्रं काढली. पहिल्या चाचणीचा पूर्ण म्हणजे २ प्रश्न, दुसरीचा पूर्ण म्हणजे ३ प्रश्न, आणि शेवटी पूर्ण म्हणजे ५ प्रश्न. तिन्ही वेळा पूर्ण वेगळा. आपण १/२ + १/३ लिहितो तेव्हा दोन्ही अपूर्णांक एकाच पूर्णाचे असतात आणि उत्तरही त्याच पूर्णाचं. एकाच पट्टीचा अर्धा आणि त्याच पट्टीचा तृतीयांश.

मुलाने विचारलं, "मग प्रश्नात लिहिलेलं नसलं तरी पूर्ण एकच धरायचा?" हो, आणि ते मीच बोलून दाखवायला हवं. म्हणून दुसरा प्रश्न आता असा झाला: पूर्ण एक आहे का, आणि माप एक आहे का?

१० ऑगस्ट
मिश्र सराव सुरू केला. आतापर्यंत एका पानावर एकच क्रिया असायची. आजच्या पानावर बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि तुलना, क्रम विस्कटलेला. बरोबर उत्तरांची संख्या दिसण्याइतकी घसरली. काही मुलं खट्टू झाली आणि सहकाऱ्यांनीही विचारलं की चाललेलं बरं होतं ते का मोडलं.

ही घसरण अपेक्षित आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं दिली होती. एकेका प्रकाराचा गठ्ठा सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरं ८९ टक्के बरोबर होती, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा गठ्ठेवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर राहिले. गठ्ठ्यात सूत्र कोणतं ते पानाच्या मथळ्यावरूनच कळतं, निवडावं लागत नाही. परीक्षेत मात्र निवडावंच लागतं. मुलांना हे आकडे सोप्या भाषेत सांगितले. सरावात चुका का वाढल्या ते त्यांना कळायला हवं, नाहीतर ती स्वतःलाच कमी लेखतात.

१४ ऑगस्ट
रीत बरोबर आणि उत्तर चूक असलेल्या वह्या पाहिल्या. बहुतेक ठिकाणी पाढा अडला आहे, विशेषतः ७ आणि ८ चा. रोज तीन-चार मिनिटं वेळ लावून पाढ्यांचा सराव घालत आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये केलेल्या सहा शिफारशींत पद्धतशीर अध्यापन, गणिती भाषा आणि संख्यारेषेबरोबर वेळ लावलेला सरावही आहे. अट एवढीच की जे बरोबर येतं तेच वेगाने करायचं, आणि मुलाची तुलना त्याच्याच कालच्या आकड्याशी.

२४ ऑगस्ट
मधे काही दिवस भूमितीचं प्रकरण होतं. आज न सांगता अपूर्णांकांची पाच उदाहरणं दिली. वह्या मिटलेल्या. बरंच विसरलं होतं. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलेली आठवणीची घसरण आमच्या वर्गालाही चुकलेली नाही. पण आठवून लिहिण्याच्या या धडपडीनेच आठवण घट्ट होते, पान उघडून वाचल्याने तितकी होत नाही. आता रोजच्या गृहपाठाचा साचा बदलला: दोन उदाहरणं आजची, दोन मागच्या आठवड्याची, एक मागच्या महिन्यातलं. संख्या पूर्वीपेक्षा कमीच आहे.

३१ ऑगस्ट
शाब्दिक उदाहरणं. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरलं' दिसलं की वजाबाकी, ही सवय मोडायची होती. म्हणून जोडी दिली.

टाकी ३/५ भरलेली आहे. टाकीच्या १/३ इतकं पाणी काढलं. किती भाग पाणी उरलं?
टाकी ३/५ भरलेली आहे. त्यातलं १/३ पाणी काढलं. किती भाग पाणी उरलं?

पहिल्यात दोन्ही अपूर्णांकांचा पूर्ण म्हणजे टाकी. ९/१५ − ५/१५ = ४/१५. दुसऱ्यात १/३ चा पूर्ण म्हणजे असलेलं पाणी. ३/५ चा तृतीयांश १/५, तो गेला, उरले २/५. 'उरलं' दोन्हीकडे आहे. बऱ्याच मुलांनी दोन्हीकडे एकच उत्तर लिहिलं होतं. चित्र काढून पुन्हा विचारल्यावर चाचण्यांचा प्रश्न काढणाराच मुलगा बोलला, "दुसऱ्यात पूर्ण बदललाय." आता मुलांनी अशा जोड्या स्वतः रचायच्या आहेत.

७ सप्टेंबर
ज्या मुलांना आता आधार लागत नाही त्यांच्या चिठ्ठ्या बंद केल्या. सोडवलेलं उदाहरण नवशिक्याला जितकं उपयोगी, तितकंच जाणत्याच्या वाटेत येतं, हे कल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलं आहे. त्या गटाला हे दिलं: अंश १ असलेले आणि छेद वेगवेगळे असलेले असे दोन अपूर्णांक शोधा, ज्यांची बेरीज १/२ येईल.

१/३ + १/६ सगळ्यांना सापडलं. 'आणखी आहेत का?' विचारल्यावर बरीच शोधाशोध झाली. मग एका मुलीने आपली मांडणी वाचून दाखवली: दोघंही १/४ किंवा त्याहून लहान असतील तर बेरीज अर्ध्यापर्यंत पोहोचायला दोघंही १/४ च लागतील, पण छेद तर वेगळे हवेत. म्हणून एक तरी १/४ हून मोठा. तो अर्ध्याहून लहानही हवा. असा फक्त १/३. म्हणून दुसरी जोडी नाहीच.

ही तीच मुलगी, जिने जुलैत ६/६ लिहिलं होतं. तिला कुणी सिद्धता शिकवलेली नव्हती. अंदाजाचा प्रश्न मात्र ती रोज विचारत आली होती. शोध घेणं मुलांना जमत नाही, असं जुलैतही मला वाटत नव्हतं. आज त्यांच्या हातात शोधायला पुरेसं होतं. सहकाऱ्यांना मांडणी दाखवली. ते पुढच्या पाठाला वर्गात येऊन बसणार आहेत.

१४ सप्टेंबर
जुलैच्याच नमुन्याची, आकडे बदललेली चाचणी, पूर्वसूचना न देता. पुन्हा ढीग केले. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारा ढीग जवळजवळ संपला आहे. छेदांची उलटी वजाबाकी कुठेच नाही. गुणाकारात छेद तसाच ठेवणारी काही मुलं अजून आहेत. त्यांच्या कच्च्या कामात पहिला प्रश्न, 'क्रिया कोणती?', विचारल्याची खूण दिसत नाही. ती सरळ लसाविवर जातात. उरलेल्या चुका पाढ्यांच्या.

गुणाकारात अडणाऱ्या गटाला उद्यापासून उजळणीच्या वेळात वेगळं बसवते. सुरुवात आयताच्या चित्राने: एका बाजूचा अर्धा, दुसऱ्या बाजूचा तृतीयांश, दोन्हींत येणारा भाग कितवा. मग १/२ + १/३ आणि १/२ × १/३ शेजारी, आणि चिन्हाभोवती गोल केल्याशिवाय पेन्सिल पुढे न्यायची नाही. मासिक उजळणीचं पान ऑक्टोबरसाठी तयार आहे.